बुडबुड्यातले विश्व

उल्हासनगरच्या रेयॉनपासून अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांपर्यंत ज्याने पाळी केली, त्याला बॉयलर सांगावा लागत नाही. शंभर अंशांवर आलेल्या एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हावयास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. पण पारा मात्र जागचा हलत नाही. सारी उष्णता अवस्था पालटण्यात खर्ची पडते आणि पाण्यात जागोजाग बुडबुडे फुटतात. आम्ही हे आधी बॉयलरपाशी शिकलो, पुस्तकात मागाहून वाचले.

असे अवस्थांतर विश्वाचेही होते काय? या प्रश्नाच्या इतिहासात एक मराठी नाव आहे. कोल्हापुरास १९३८ साली जन्मलेले, काशीस वाढलेले जयंत नारळीकर यांनी १९६४ साली आपले गुरू फ्रेड हॉयल यांच्यासह लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत ठेवला. वस्तूचे जडत्व तिचे एकटीचे नसून विश्वातील इतर सर्व वस्तूंमुळे आहे, हा माखचा विचार त्यांनी गणितात बसविला. सारे विश्व काढून एकच कण ठेवला, तर त्यास वस्तुमानच उरणार नाही! युनियनच्या माणसाला हे गोड वाटणारच. परंतु गोड वाटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. त्याच सभेत स्टीफन हॉकिंग नावाचा तरुण विद्यार्थी उठला आणि प्रसरण पावणाऱ्या विश्वात ही बेरीज अनंत होते, असे त्याने तोंडावर सांगितले.

हॉयल, बाँडी व गोल्ड यांनी १९४८ साली मांडलेल्या स्थिर विश्वास आरंभ नव्हता. त्यात नवे द्रव्य सतत निर्माण होत असे. १९६५ साली पेंझियास व विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडल्याचे जाहीर झाले आणि त्या कल्पनेचा पाया हादरला. तेव्हा १९६६ साली गुरुशिष्यांनी वेगळीच वाट धरली. विश्व फार दाट आहे, असे त्यांनी मानले. त्यात एखाद्या ठिकाणी द्रव्यनिर्मिती बंद पडली की तेवढा प्रदेश बुडबुड्यासारखा फुगतो. आपल्याला दिसते ते सारे अशाच एका बुडबुड्याच्या पोटात!

पंधरा वर्षांनी, १९८१ साली, अॅलन गुथ यांनी अवकाशाच्याच अवस्थांतराची कल्पना मांडली. गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेल्या पाण्यासारखी निर्वात पोकळी अडून राहते, त्या अवधीत विश्व झपाट्याने फुगते आणि मग नव्या अवस्थेचे बुडबुडे उठतात. कारणे निराळी, गणित निराळे. तरी चित्र बरेच तेच, आणि हे साम्य नारळीकरांनी पुढे दाखवूनही दिले. गुथ यांचे बुडबुडे नीट मिळून येईनात. ती गाठ पुढच्या वर्षी लिंडे आदींनी सोडविली. जग गुथ यांचे नाव घेते. आधीच्या बुडबुड्याची आठवण फारसे कोणी काढत नाही, हे आम्हांस खटकते. हरलेल्या पक्षाचाही हिशेब वहीत असावा.

हॉयल, बर्बिज व नारळीकर यांनी १९९३ साली सुधारलेले विश्व पुढे आणले. बहुतेक शास्त्रज्ञांनी तेही मानले नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन होईपर्यंत महास्फोटाविषयीची नारळीकरांची शंका कायम होती. आणि पुण्यात १९८८ साली त्यांनी उभारलेल्या आयुकात महास्फोट मानणाऱ्यांनीही मोकळेपणाने संशोधन केले.