हिवताप : अवकाशीय विश्लेषण व जोखीम-नकाशा

हिवतापाचे रुग्ण, डासांची पैदासस्थळे, पाऊस, जंगल व वस्ती यांच्या नोंदी ठिकाणानुसार नकाशावर मांडून रोग कोठे आणि का टिकून राहतो हे शोधण्याची पद्धत. भारतात ती संगणकाच्या फार आधीपासून वापरात आहे. पंजाबातील १९०८ च्या भीषण साथीचा अभ्यास करताना एस. आर. क्रिस्टोफर्स यांनी मृत्यू आणि पाऊस यांचे भौगोलिक नाते मांडले (१९११). त्याच वर्षीच्या अहवालात चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचा संबंध विहिरींत वाढणाऱ्या ॲनॉफिलिस स्टीफेन्सी डासाशी जोडला. पुढे उपग्रहचित्रे आली, भौगोलिक माहिती प्रणाली आली आणि काम वेगाने होऊ लागले; पण नकाशाचा सर्वांत लहान घटक कोणता धरायचा, हा कळीचा प्रश्न कायम राहिला.

तो घटक गाव किंवा पाडा हाच असला पाहिजे. भारतात जोखीम मुख्यतः वार्षिक परजीवी निर्देशांकावरून, म्हणजे वर्षभरात दर हजार लोकसंख्येमागे रक्ततपासणीत निश्चित झालेल्या रुग्णसंख्येवरून ठरते. हा आकडा सबंध जिल्ह्यासाठी काढला की गडचिरोलीत वैनगंगेकाठची भातशेतीची गावे आणि भामरागड-एटापल्लीतील जंगलपाडे एकाच सरासरीत बुडून जातात. ॲनॉफिलिस फ्लुव्हिॲटिलिस हा डास डोंगरपायथ्याच्या संथ, स्वच्छ ओढ्यांत वाढतो आणि सहसा एक-दोन किलोमीटरपलीकडे जात नाही. त्यामुळे एकाच आरोग्य उपकेंद्राच्या हद्दीतील दोन पाड्यांची जोखीमही अगदी वेगळी असू शकते. घरफवारणीची पथके, औषधयुक्त मच्छरदाण्या आणि आशा कार्यकर्तींकडील तपासणी संच मर्यादित असतात. शिवाय पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन वाटा बंद होतात. पावसाआधी कोणत्या पाड्यावर पोहोचायचे, हे जिल्ह्याची सरासरी सांगू शकत नाही.

इतक्या लहान घटकाची आकडेवारी फसवी असते, हा आक्षेप रास्त आहे. २०० वस्तीच्या पाड्यात एक रुग्ण निघाला तर निर्देशांक ५ होतो, एकही निघाला नाही तर शून्य. मात्र त्यावर उपाय आहेत. अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र धरता येतात, बेजीय (बेझियन) संख्याशास्त्रीय पद्धतीने शेजारच्या गावांच्या माहितीचा आधार घेऊन अंदाज स्थिर करता येतो. दिसणारा पुंजका निव्वळ योगायोग आहे का, हे मार्टिन कुलडॉर्फ यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या अवकाशीय स्कॅन कसोटीने तपासता येते. दुसरा आक्षेप स्थलांतराचा. तेंदूपाने किंवा बांबू तोडायला गेलेल्या माणसाला संसर्ग जंगलातल्या मुक्कामी होतो, नोंद मात्र गावाच्या नावावर पडते. रुग्णाने आधीचे दोन-तीन आठवडे रात्री कोठे काढल्या, एवढे विचारून लिहून ठेवले तर ही चूक बरीच कमी होते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला गणितात उत्तर नाही. जेथे रक्तनमुनेच घेतले गेले नाहीत, तो दुर्गम पाडा नकाशावर निरोगी दिसतो. लक्षणे न दिसणारे परजीवीवाहकही सुटून जातात. अशा नकाशाच्या भरवशावर फवारणी आखली, तर सर्वाधिक गरजेचे पाडेच वगळले जातील. म्हणून रुग्णसंख्येशेजारी तपासणीचे प्रमाण दाखवलेच पाहिजे. ते न दाखवणारा नकाशा नियंत्रणाच्या नियोजनासाठी ग्राह्य धरू नये.