१९८६ : हेवी मेटलचे सुवर्णवर्ष

हेवी मेटल म्हणजे निव्वळ गोंगाट, असा समज आजही रूढ आहे. १९८५ साली अमेरिकेत या समजाचे रूपांतर थेट आरोपात झाले होते. 'पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर' या पालकांच्या संघटनेने आक्षेपार्ह ठरवलेल्या पंधरा गाण्यांच्या यादीत निम्म्याहून अधिक गाणी हेवी मेटलची होती. १९ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे या विषयावर सुनावणीही झाली. अल्बमवर पालकांसाठी इशारा छापण्याचे ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी पुढे मान्य केले. या संगीताला सांगण्यासारखे काही आहे का, हा प्रश्न त्यामागे होता. पुढच्याच वर्षी आलेले पाच अल्बम त्याचे उत्तर देतात. या संगीताच्या एका चाहत्याने केलेली ही निवड आहे.

मास्टर ऑफ पपेट्स (मेटॅलिका)
३ मार्च १९८६ रोजी प्रसिद्ध झालेला मेटॅलिकाचा हा तिसरा अल्बम. कोपनहेगन येथे फ्लेमिंग रासमुसेन यांच्यासोबत त्याचे ध्वनिमुद्रण झाले. अमली पदार्थांची गुलामी, रणांगणावर वाया जाणारा सैनिक, मनोरुग्णालयातील कोंडमारा असे विषय येथे दीर्घ, अनेक वळणे घेणाऱ्या रचनांतून मांडले आहेत. 'ओरायन' या केवळ वाद्यांच्या रचनेत क्लिफ बर्टन यांच्या बेस गिटारची झेप दिसते. रेडिओची फारशी साथ नसताना आणि एकही व्हिडिओ नसताना या अल्बमने अमेरिकेत त्याच वर्षी पाच लाख प्रतींच्या खपाचा 'सुवर्ण' दर्जा मिळवला. यशाचा हा आनंद मात्र टिकला नाही. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये दौऱ्यावरील बस उलटून बर्टन यांचा मृत्यू झाला. ते अवघे २४ वर्षांचे होते.

एपिकस डूमिकस मेटॅलिकस (कँडलमास)
वेगाची स्पर्धा ऐन भरात असताना स्टॉकहोमच्या या गटाने विलंबित लय निवडली. लीफ एडलिंग यांच्या जड, संथ रचना आणि योहान लेंगक्विस्ट यांचा धीरगंभीर आवाज यांतून शोकगीताचे वातावरण उभे राहते. 'एपिक डूम' या उपप्रकाराला नाव मिळाले ते याच अल्बममुळे. लेंगक्विस्ट या अल्बमनंतर गटात राहिले नाहीत. २०१८ मध्ये, म्हणजे तीन दशकांनंतर ते परतले.

पीस सेल्स... बट हूज बाइंग? (मेगाडेथ)
१९८३ मध्ये मेटॅलिकातून काढून टाकलेल्या डेव्ह मस्टेन यांनी मेगाडेथ उभारला. वर्षाच्या उत्तरार्धात आलेल्या या दुसऱ्या अल्बमचे नावच बोलके आहे : शांतता विकायला आहे, पण घेतो कोण? गिटारवादक ख्रिस पोलंड आणि ड्रमवादक गार सॅम्युएलसन यांची मुळे जाझमध्ये होती. त्यामुळे या संगीतात वेगाबरोबर लवचीकपणाही आला. राजकीय उपरोध ही मेगाडेथची ओळख येथेच पक्की झाली.

समव्हेअर इन टाइम (आयर्न मेडन)
२९ सप्टेंबर रोजी आलेल्या या अल्बममध्ये ब्रिटिश गटाने प्रथमच गिटार सिंथेसायझर वापरला. काळ आणि एकटेपणा हे त्यातील सूत्र. गायक ब्रूस डिकिन्सन यांची एकही रचना यात घेतली गेली नाही, तरी त्यांचा आवाज कुठेही उणा पडत नाही. सिकंदरावरील साडेआठ मिनिटांची रचना मंचावर प्रथम सादर झाली ती २०२३ मध्ये. मुंबईकर चाहत्यांना मात्र दुसरी आठवण आहे. ऐंशीच्या दशकातील गाण्यांवर आधारलेल्या 'समव्हेअर बॅक इन टाइम' या जागतिक दौऱ्याचा आरंभ १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात झाला होता.

रेन इन ब्लड (स्लेअर)
७ ऑक्टोबर रोजी आलेला, जेमतेम २९ मिनिटांचा हा अल्बम पाचांतील सर्वांत वादग्रस्त. निर्माते रिक रुबिन हे तोवर हिपहॉपसाठी ओळखले जात. त्यांनी आवाजातील घुमारा काढून टाकला आणि डेव्ह लोम्बार्डो यांच्या ड्रमचा प्रत्येक आघात स्वच्छ ऐकू येऊ लागला. पहिले गाणे आउश्वित्झ छळछावणीतील डॉक्टर योसेफ मेंगेले याच्या क्रौर्याविषयी आहे. ते गाणे आणि मुखपृष्ठ यांमुळे कोलंबिया कंपनीने वितरण नाकारले आणि अखेर गेफेनने ते स्वीकारले. गाण्यात क्रौर्याचे वर्णन आहे, पण स्पष्ट निषेध नाही, हा आक्षेप खोटा नाही. अत्याचार उघडे करून दाखवणे म्हणजे त्यांचे समर्थन करणे नव्हे, ही गटाची बाजूही तितकीच विचारात घ्यावी लागते.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१६ मध्ये 'मास्टर ऑफ पपेट्स'चा राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात समावेश केल्याचे जाहीर केले. हा मान मिळवणारा हेवी मेटलचा तो पहिला अल्बम. ज्या देशाच्या सिनेटपुढे या संगीताची झडती झाली, त्याच देशाने ते जतन करण्याजोगे ठरवले. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे त्याचे शीर्षकगीत नव्या पिढीपर्यंतही पोहोचले.

नवख्या श्रोत्याने आरंभ 'समव्हेअर इन टाइम'पासून करावा, कारण त्यातील चाली लवकर ओळखीच्या होतात. त्यानंतर मेटॅलिका आणि मेगाडेथ ऐकावेत. कान संथ जडपणाला सरावले की कँडलमास, आणि सर्वांत शेवटी स्लेअर. गोंगाट वाटणाऱ्या या आवाजात किती भिन्न स्वभाव नांदतात, हे मग निराळे सांगावे लागणार नाही.