अडलेली खतावणी : अल्स्टर बँक, १९७० ते २०१२

१/ २० जून २०१२, बुधवार. आयर्लंडमधील अल्स्टर बँकेच्या खातेदारांनी सकाळी शिल्लक पाहिली, तेव्हा जमा झालेला पगार खात्यात दिसेना. बँकेवर दरोडा पडला नव्हता, ती बुडालीही नव्हती. शाखा उघड्या होत्या, कर्मचारी हजर होते. तरीही कोणाच्या खात्यात किती रक्कम आहे, हे खात्रीने सांगू शकेल असा माणूस त्या इमारतींत नव्हता.

२/ १८३६ साली बेलफास्टमध्ये स्थापन झालेली ही बँक तोवर रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहाचा भाग झाली होती. नॅटवेस्ट, आरबीएस आणि अल्स्टर या तिन्ही बँकांचे हिशेब एकाच संगणकव्यवस्थेवर चालत.

३/ जुन्या पेढीत दिवसभराची रोजकीर्द संध्याकाळी खतावणीत उतरवली जाई. संगणकानेही तीच रीत पुढे चालवली. दिवसाचे सारे व्यवहार रात्री गठ्ठ्याने खात्यांवर चढतात आणि एक काम संपल्याशिवाय त्यावर अवलंबून असलेले दुसरे सुरू होत नाही. या कामांचा क्रम लावणारी एक स्वतंत्र प्रणाली असते. १७ जूनला तिची नवी आवृत्ती बसवण्यात आली. अडचणी दिसताच ती काढून जुनी परत आणण्याचे ठरले. पण दोन्ही आवृत्त्यांचे एकमेकींशी जुळते का, याची चाचणी कोणी घेतली नव्हती. परतीच्या वाटेवरच गाडी रुळावरून घसरली.

४/ खतावणी एक रात्र चुकली, की दुसऱ्या रात्रीचे काम तिच्यावर साचते. ब्रिटनमध्ये किमान ६५ लाख ग्राहकांना झळ बसली. परदेशी गेलेले प्रवासी पैशांविना अडकले, गृहकर्जाचे हप्ते चुकले, कंपन्यांना पगार वाटता येईनात. अल्स्टरचा अनुशेष सर्वांत शेवटी उपसला गेला. आयर्लंडमधील सुमारे ६ लाख ग्राहकांनी जवळपास चार आठवडे ही अवस्था सोसली.

५/ संताप मोठा होता. कामगार संघटनांनी नोकरकपातीकडे आणि भारतात पाठवलेल्या कामांकडे बोट दाखवले. बँकेच्या प्रमुखांनी मात्र, बिघाड झालेली व्यवस्था एडिनबर्गमधूनच चालवली जात होती, असे संसदीय समितीच्या अध्यक्षांना कळवले. इकडे रविवारीही शाखा उघडल्या गेल्या आणि ओळखपत्र पाहून रोकड देण्यात आली. २००७ मध्ये नॉर्दर्न रॉकसमोर लागलेल्या रांगा ठेवी बुडण्याच्या भीतीच्या होत्या. २०१२ च्या रांगा त्या जातीच्या नव्हत्या. येथे लोक स्वतःचाच पगार मागायला उभे होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा भेद विसरू नये.

६/ आयर्लंडला बँकांविना जगण्याचा अनुभव नवा नव्हता. १९७० मध्ये पगाराच्या वादातून बँक कर्मचारी संपावर गेले आणि मे ते नोव्हेंबर प्रमुख बँका बंद राहिल्या. तरी व्यवहार थांबले नाहीत. लोक धनादेश लिहीत राहिले. न वटलेले ते कागद हातोहात फिरले, आणि गुत्तेवाले व दुकानदार ते स्वीकारत राहिले. कोणाचा धनादेश घ्यावा आणि कोणाचा नाकारावा, हे त्यांना ठाऊक होते. गिऱ्हाइकाची पत ते वर्षानुवर्षे पाहत आले होते. अर्थशास्त्रज्ञ अँटोइन मर्फी यांनी या प्रसंगाचा अभ्यास पुढे प्रसिद्ध केला, तो मिळाल्यास जरूर वाचावा.

७/ मग २०१२ मध्ये चार आठवडेही इतके जड का गेले? पगार थेट खात्यात, वीजबिल थेट खात्यातून, हप्ता ठरल्या तारखेला आपोआप. गुत्तेवाल्याच्या ओळखीने या साखळीतली एकही कडी जोडता येत नव्हती. शिवाय १९७० चा संप सर्वांना सारखाच लागू होता. २०१२ मध्ये शेजारच्या बँकेचे खातेदार निर्धास्त होते आणि घरमालकाला भाडे वेळेवरच हवे होते.

८/ डिसेंबर २०१३ मध्ये समूहाची व्यवस्था पुन्हा कोलमडली, तेव्हा नवे प्रमुख रॉस मॅकइवन यांनी कित्येक दशके संगणकव्यवस्थेवर पुरेसा खर्च झालाच नसल्याची कबुली दिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिटिश नियामकांनी २०१२ च्या प्रकरणी एकूण ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड ठोठावला. आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने अल्स्टरला ३५ लाख युरोंचा. समूहाचे बहुसंख्य समभाग तेव्हा ब्रिटिश सरकारकडे, म्हणजे करदात्यांकडेच होते.