बोदोनीचे मुद्राक्षर : रूप, प्रयोजन आणि मर्यादा

एखाद्या मुद्राक्षराचे मूल्यमापन बहुधा त्याच्या बाह्य रूपावरून केले जाते. ते कोणत्या आकारासाठी, कोणत्या कागदासाठी आणि कोणत्या छापयंत्रासाठी घडविले गेले, हा प्रश्न मागे पडतो. जांबात्तिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रोमन वळणाविषयी हे विशेषत्वाने घडले आहे. जाड उभे दंड, केसासारख्या बारीक जोडरेघा आणि दंडांच्या टोकांशी सरळ आडव्या बसविलेल्या तितक्याच बारीक रेघा ही त्याची लक्षणे होत. हे वळण दिसावयास देखणे, पण वाचावयास कष्टप्रद, म्हणून केवळ मथळ्यांच्या उपयोगाचे, अशी समजूत रूढ आहे. इतिहासाच्या कसोटीवर ती अर्धीच खरी ठरते.

या वळणाचा उगम लेखणीच्या बदलात आहे. जुन्या रोमन अक्षरांतील जाडी-बारकी रुंद टोकाच्या लेखणीतून आलेली होती. आपल्याकडील बोरूप्रमाणेच तिच्यात रेघेची जाडी हाताच्या दिशेवर अवलंबून असे. अठराव्या शतकात टोकदार, लवचीक लेखणी आणि ताम्रपटावरील खोदकाम यांचा प्रभाव वाढला. तेथे जाडी दिशेवर नव्हे, तर दाबावर ठरते. परिणामी अक्षराचा तिरपा कल नाहीसा होऊन ते ताठ उभे राहिले. इंग्लंडात जॉन बास्करव्हिलने १७५७ साली व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती काढताना, काही अंशी, गुळगुळीत पृष्ठाचा नवा कागद वापरला. अशा कागदावर बारीक रेघ न तुटता उमटू लागली. पॅरिसमध्ये फिर्मँ दिदोने १७८४ च्या सुमारास हीच प्रवृत्ती टोकास नेली.

बोदोनीचा प्रवास मात्र हळूहळू झाला. पीडमाँटमधील सालुत्सो येथील मुद्रकाचा हा पुत्र १७५८ मध्ये रोमला गेला आणि प्रोपागांदा फिदे या धर्मप्रसारसंस्थेच्या छापखान्यात पौर्वात्य लिप्यांच्या ठशांवर काम करू लागला. याच छापखान्याने १७७१ मध्ये देवनागरी खिळ्यांनी युक्त असा नागरी लिपीविषयक ग्रंथ छापला. तथापि त्यापूर्वीच, १७६६ मध्ये, बोदोनी तेथून बाहेर पडला होता. १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूक फर्दिनांदने त्याला आपल्या राजमुद्रणालयाचा प्रमुख नेमले. आरंभी तेथे पॅरिसच्या फूर्निएचे खिळे वापरले जात, आणि १७७१ च्या बोदोनीच्या नमुनाग्रंथावरही फूर्निएचीच छाप आहे. स्वतःचे ताठ, तीव्र विरोधाचे वळण त्याने पुढील दोन दशकांत सिद्ध केले.

त्याच्या मृत्यूनंतर १८१८ मध्ये त्याची विधवा मार्गेरिता हिने ‘मानुआले तिपोग्राफिको’ हा नमुनाग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत बोदोनीने अक्षरसौंदर्याची चार अंगे सांगितली आहेत : नियमितपणा, स्वच्छ रेखीवपणा, सुरुची आणि लालित्य. परंतु प्रस्तावनेपेक्षा ग्रंथाची रचनाच अधिक बोलकी आहे. ‘पार्मिज्यानिना’ या अतिसूक्ष्म आकारापासून ‘पापाले’ या भव्य आकारापर्यंत अक्षरांच्या श्रेणी तेथे मांडल्या आहेत. प्रत्येक आकाराचा पोलादी ठसा स्वतंत्र कोरलेला असल्याने एकाच वळणाची प्रमाणे आकारागणिक बदलतात. लहान आकारात बारीक रेघ तुलनेने जाड राखली आहे; मोठ्या आकारात ती धारदार होते. म्हणजे ‘बोदोनी’ हे एक अक्षर नसून अक्षरांचे एक कुल होय.

या कुलाचे विघटन यंत्रयुगात झाले. लिन बॉइड बेंटनने १८८५ च्या सुमारास ठसे कोरण्याचे यंत्र सिद्ध केले, तेव्हा एकाच रेखाटनातून अनेक आकार काढणे शक्य झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आणि पुढे १९२६ मध्ये जर्मनीतील बाउअर ओतशाळेत बोदोनीचे पुनरुज्जीवन झाले. पण प्रकाशाक्षरजुळणीच्या काळात एकच मूळ प्रतिमा सर्व आकारांसाठी ताणण्याची प्रथा पडली. मथळ्यासाठी काढलेले अक्षर मजकुराच्या आकारात आणले की बारीक रेघा विरतात आणि केवळ उभ्या दंडांची झगमगती रांग उरते. वाचकाला झालेल्या या त्रासाचा दोष वळणाला दिला गेला. वस्तुतः तो आकारभेद विसरणाऱ्या वापराचा होता.

मोठ्या आकारात या वळणाची शक्ती निर्विवाद होती. एकोणिसाव्या शतकारंभी लंडनमध्ये रॉबर्ट थॉर्नसारख्या ओतकारांनी दंड फुगवून जाहिरातींचे स्थूल अक्षर घडविले, तर विसाव्या शतकात ‘हार्पर्स बझार’सारख्या वेषभूषाविषयक नियतकालिकांनी त्याच विरोधातून शालीनतेचा आभास निर्माण केला. याच नियतकालिकासाठी १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत जोनाथन हेफ्लरने दिदो वळणाचे नवे अक्षर रचले, तेव्हा त्याचे सात आकारभेद करावे लागले, जेणेकरून बारीक रेघ प्रत्येक आकारात बारीकच भासावी. १९९४ च्या आयटीसी बोदोनीत पार्म्यातील मूळ साधनांचा अभ्यास करून तीन आकारभेद पुरविण्यात आले. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या परिवर्तनीय संगणकीय अक्षरांच्या तंत्रात तर आकारानुरूप रूपबदलाची सोय अंगभूत आहे.

तात्पर्य, ज्याला आज शोभेचे अक्षर म्हटले जाते ते मुळात शोभेपुरते नव्हते. सौंदर्य आणि वाचनीयता यांचा जो विरोध बोदोनीच्या नावावर नोंदला गेला, तो बोदोनीने प्रत्येक ठसा निराळा कोरून प्रत्यक्षात बव्हंशी सोडविला होता. पुढच्या पिढ्यांनी रूप घेतले आणि श्रम टाकले. मुद्रणाच्या इतिहासकाराने म्हणून अक्षराचे केवळ वळण न पाहता त्याचा आकार, कागद आणि ठसा यांची एकत्रित साक्ष काढावयास हवी.