सुताराचा हात : घरापासून देवळापर्यंत

मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की दगड, चुना व कळस यांचीच चर्चा होते. परंतु मराठी मुलखातील कितीतरी देवळांचे लाकडी सभामंडप व त्यांच्या भोवतालची घरे ज्याने उभी केली, त्या सुताराचा इतिहास क्वचितच लिहिला जातो.

बारा बलुतेदारांत सुताराची गणना थोरल्या ओळीत होत असे. नांगर, कुळव, पाभर व बैलगाडी दुरुस्त ठेवणे हे त्याचे बलुत्याचे काम होय. त्याबद्दल सुगीला खळ्यावर धान्य मिळे. घरबांधणी मात्र बलुत्यात धरली जात नसे. तिची मजुरी निराळी ठरे.

जुने घर खणांवर मोजीत. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. सुतार खांब कधी मातीत पुरीत नसे, तर दगडी तळखड्यावर उभा करी. त्यामुळे जमिनीची ओल व वाळवी लाकडापर्यंत सहज पोहोचत नसे. खांबाच्या माथ्यावर कुसू काढून तो हस्ताच्या खाचेत बसवावयाचा, त्यावर तुळई व वर कडीपाट. लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी मेखा मारल्यामुळे असे घर सांधे सोडवून उतरविता येई व तेच लाकूड पुन्हा वापरता येई. सभामंडपाची रचनाही याच पद्धतीची असे. घराच्या चौकटीवर गणेशपट्टी कोरणारा हातच देवाचा मखर घडवी.

या कलेचे राजवैभव पुण्यात पाहावयास मिळाले. शनिवारवाड्याचा पाया दि. १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला व १७३२ साली वास्तुशांत झाली. त्यासाठी साग जुन्नरच्या जंगलातून आणला होता. १८२८ च्या आगीत आतील लाकडी महाल नष्ट झाले. तट व जोती तेवढी राहिली. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेल्या विश्रामबागवाड्यासही १८७९ साली आग लागली. तथापि त्याचा कोरीव सागवानी दर्शनी सज्जा व सुरूदार खांब आजही सुताराच्या हाताची साक्ष देत उभे आहेत.

पुढे काळ पालटला. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. मागाहून बैलगाडीला रबरी चाके आली, घरांवर सिमेंटचे स्लॅब पडू लागले, आणि सुताराचे काम हळूहळू दारे, खिडक्या व कपाटे यांपुरते उरले. जुनी घरे पाडताना पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले सागवान भंगाराच्या भावाने गेले. कित्येक ठिकाणी चुलीतही गेले.

वास्तविक जुने लाकूड सरसकट टाकण्याजोगे नसते. ओल लागून खांबाचा बुंधा तेवढा कुजला असेल, तर कुजका भाग कापून त्या जागी नवा तुकडा सांधता येतो; वरचा खांब तसाच राहतो. वाड्याची डागडुजी असो वा देवळाची, जाणता सुतार प्रथम ठोकून पाहतो, लाकूड कोठवर घट्ट आहे ते ठरवितो व मगच करवत लावतो.

जीर्णोद्धाराचा खरा अर्थही हाच होय : जीर्ण झाले तेवढे बदलावे, घट्ट आहे ते राखावे. देणगीदारांचा पैसा व ग्रामस्थांचे श्रम या दृष्टीने खर्ची पडले, तर देवाच्या घराबरोबर ते घडविणाऱ्या हातांचाही मान राहील.