नोंदवही, घड्याळ आणि पडदा

सार्वजनिक ग्रंथालयातील संगणकावर बसणाऱ्याला बहुतेक ठिकाणी तीन बंधने पाळावी लागतात. आधी नोंदवहीत नाव लिहायचे, ठरलेली वेळ संपली की उठायचे आणि काय उघडायचे नाही याचे भान ठेवायचे. पहिली दोन बंधने संगणकाच्या कितीतरी आधीची आहेत. तिसऱ्याची मुळेही वाटतात त्याहून खोल आहेत. गोव्यात हा प्रवास विशेष स्पष्ट दिसतो. इथे सरकारी ग्रंथालय फार लवकर आले, आणि पेडणे-डिचोलीसारख्या तालुक्यांतला वाचक त्या ग्रंथालयापासून दीर्घकाळ दूरच राहिला.

पणजीचे ग्रंथालय १५ सप्टेंबर १८३२ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु यांच्या कारकिर्दीत सुरू झाले. भारतातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. त्याची सुरुवात लष्करी शिक्षणसंस्थेच्या आश्रयाने झाली. १८३५ च्या सुमारास ख्रिस्ती धर्मसंघ बरखास्त झाले तेव्हा त्यांच्या मठांतील पुस्तके या संग्रहात आली. तिथे काय वाचायचे हे त्यामुळे वाचकाने नव्हे, तर मठ आणि सरकार यांनीच आधी ठरवून टाकले होते. १८९७ मध्ये ते राष्ट्रीय ग्रंथालय झाले, तरी त्याची भाषा मुख्यतः पोर्तुगीजच राहिली.

पेडणे आणि डिचोली हे ‘नव्या काबिजादीं’तले, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा ताब्यात घेतलेल्या प्रदेशातले तालुके. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले. आधी जिंकलेल्या जुन्या काबिजादींतील धर्मांतराची आणि भाषाबंदीची तीव्रता इथे पोचली नाही. देवळातले कीर्तन, पंतोजींची शाळा आणि सावकारी हिशेब यांतून मराठी टिकून राहिली. पेडण्याच्या वाचकाला तेरेखोल नदीपलीकडची सावंतवाडी पणजीहून जवळची वाटावी, यात नवल नाही. सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिराची स्थापना १८५२ ची. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले, धर्माच्या नावावरचे भेद कायद्यातून गेले आणि गोव्यातल्या हिंदू समाजात शाळा, वाचनालये व वृत्तपत्रे उभी राहू लागली. गो. पुं. हेगडे देसाई यांचे ‘भारत’ हे वृत्तपत्र १९१२ मध्ये निघाले.

अशा लहान वाचनालयांचे नियम कोणत्याही कायद्याने घालून दिलेले नव्हते. वर्गणी, अनामत, पुस्तक परत करण्याची तारीख, वर्तमानपत्र एका वेळी एकानेच वाचायचे, मोठ्याने बोलायचे नाही, अशी शिस्त व्यवस्थापक आणि वर्गणीदार मिळून पाळत. ती वस्तूच्या टंचाईतून आली होती. वर्तमानपत्राची प्रत एक आणि वाचणारे वीस असतील, तर घड्याळाकडे बघावेच लागते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत यावर सरकारी देखरेखीची दुसरी शिस्त आली. छापील मजकूर तपासनिसाच्या नजरेखालून जाऊ लागला, लग्नपत्रिकाही त्यातून सुटल्या नाहीत. टंचाईची शिस्त आणि संशयाची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे संगणकाच्या नियमांत त्या शेजारीशेजारी बसल्या, आणि बऱ्याचदा एकीच्या नावाखाली दुसरी खपून गेली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाल्यावर चित्र पालटले. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या आणि त्यांतून वाचकांची नवी पिढी तयार झाली. राष्ट्रीय ग्रंथालयाचे मध्यवर्ती ग्रंथालय झाले; आता ते पाटो, पणजी येथे संस्कृती भवनात जुने गोमंतकीय लेखक कृष्णदास शामा यांच्या नावाने चालते. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी ग्रंथालये आली. १९९३ मध्ये गोवा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. त्यात ग्रंथालयांच्या खर्चासाठी विदेशी धाटणीच्या मद्यावर आणि बिअरवर अधिभाराची तरतूद आहे. ग्रंथालय कर बसवणारे देशातील बहुतेक कायदे तो घरपट्टीवर बसवतात. गोव्याने मात्र मद्यपींना ग्रंथांचे आश्रयदाते केले.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत आणि आरंभी मोजक्या महानगरांत. सेकंदाला ९.६ किलोबिट या वेगाच्या २५० तासांसाठी व्यक्तीला सुमारे पाच हजार रुपये मोजावे लागत. एवढी महाग वस्तू घरोघरी जाणे शक्य नव्हते, म्हणून सायबर कॅफे निघाले. गोव्यात हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर त्यांचे गिऱ्हाईक परदेशी पर्यटक, तर डिचोली बाजारात निकाल पाहणारे विद्यार्थी आणि नोकरीचा अर्ज भरणारे तरुण. ग्रंथालयात संगणक आला तेव्हा त्याने कॅफेचेच तासाचे गणित उचलले: अर्धा तास किंवा एक तास, मागे कोणी थांबले नसेल तर मुदतवाढ, प्रिंटचे पैसे वेगळे. पुस्तकाची मुदत दिवसांत मोजणाऱ्या जागी ती मिनिटांत मोजली जाऊ लागली.

या काळातला एक नियम जवळजवळ सगळीकडे सारखा होता: संगणकावर काहीही उतरवून घ्यायचे नाही, नवे काही बसवायचे नाही. कारण खरेच होते. एका व्हायरसने सगळी यंत्रे बंद पडत. पण मराठी वाचकाची याच नियमाने कोंडी केली. १९९० च्या दशकाअखेरीस मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या वेगळ्या फाँटमध्ये असत. तो फाँट उतरवून घेतला नाही तर पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसे. पुढे युनिकोड आले, तरी विंडोज एक्सपीवर भारतीय लिप्यांचा आधार मूळ सीडी घालून वेगळा बसवावा लागे. इंग्रजी वाचणाऱ्याला नियमाचा जाच नव्हता, देवनागरी वाचणाऱ्याला पहिल्याच पायरीवर ग्रंथपालाची परवानगी लागत होती. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान आणि मराठीलाही सरकारी वापराची मुभा दिली असताना, या दोन्ही भाषांची लिपी यंत्रात चालू करून देणे हे ग्रंथालयाचेच काम होते. बंदीचे नियम लिहिताना ते सहज राहून गेले.

या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ग्रंथालयातील संगणकावरच्या बंधनांवरून मोठा वाद झाला. २००० च्या कायद्याने केंद्रीय अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांना अश्लील चित्रे अडवणारी चाळणी बसवणे भाग पडले, आणि २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. प्रौढ वाचकाने मागितल्यास चाळणी काढता येते, हे त्यामागचे एक कारण होते. २००१ च्या दहशतवादविरोधी कायद्यानंतर तपासयंत्रणांना ग्रंथालयांच्या नोंदी मागता येऊ लागल्या, तेव्हा काही ग्रंथालयांनी वाचकाचा वापर संपताच नोंदी पुसून टाकण्याची पद्धत धरली.

भारतात वारे उलट्या दिशेने वाहिले. मुक्त वाय-फायचा वापर करून २००८ मध्ये पाठवलेल्या दहशतवादी ईमेलनंतर दूरसंचार खात्याने वापरकर्त्याची ओळख पटवणे सक्तीचे केले. ११ एप्रिल २०११ रोजी सायबर कॅफेसाठी नियम आले. ओळखपत्राशिवाय कोणालाही बसू द्यायचे नाही. नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, ओळखपत्राचा तपशील, संगणकाचा क्रमांक, बसण्याची आणि उठण्याची वेळ लिहायची आणि ही वही किमान एक वर्ष जपायची. कोणती संकेतस्थळे उघडली त्याचीही नोंद तेवढाच काळ ठेवायची. आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नको, आडोशाबाहेरच्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे वळलेले हवेत. पालक सोबत नसेल तर अल्पवयीनाला आडोशात बसता येणार नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात सायबर कॅफेची व्याख्या आहे ती नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून लोकांना इंटरनेट देणारी जागा. फुकट किंवा नाममात्र शुल्कात संगणक देणारे ग्रंथालय या व्याख्येत नक्की बसते की नाही, हा वादाचा मुद्दा आहे. तरीही पडद्याची दिशा, ओळखपत्र, नोंदवही ही ग्रंथालयांतली नेहमीची शिस्त झाली. ती ग्रंथपालाला अपरिचित नव्हती. पुस्तक नेणाऱ्याचे नाव तो आधीपासूनच लिहीत होता. मात्र कोणते पान वाचले हे त्याने कधी लिहिले नव्हते, आणि वाचकाने उघडलेल्या पुस्तकाचे तोंड दाराकडे असावे असा नियमही कोणी केला नव्हता. आजार, पोलिसात द्यायची तक्रार किंवा घरातला तंटा यांविषयी शोधणाऱ्याला उघड्या पडद्यामुळे गप्प बसावे लागते. लहान गावात, जिथे मागे उभा असणारा ओळखीचाच असतो, तिथे हे जास्तच लागू पडते.

२०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि ग्रंथालयातील संगणकाचे काम बदलले. बातमी किंवा चित्रपटासाठी आता तिथे कोणी बसत नाही. सरकारी भरतीचा अर्ज, त्यासाठी लागणारा पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, स्पर्धा परीक्षेचे प्रवेशपत्र, मोठ्या पडद्यावर भरायचे फॉर्म आणि त्यांची प्रिंट यासाठी त्याची गरज उरली. अर्ध्या तासाचा जुना नियम या कामाला अपुरा पडतो. फोटो आणि सही ठरलेल्या आकारात बसवण्यातच तेवढा वेळ जातो. पेन ड्राइव्हवर बंदी असेल तर कागदपत्रे आणायची कशी, हाही प्रश्न येतो.

नोंदवहीचे मात्र काही बदलले नाही. २०११ च्या नियमांनी ती किमान किती दिवस ठेवायची ते सांगितले. कधी नष्ट करायची ते सांगितले नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार, दुसऱ्या कायद्याची अडचण नसेल, तर हेतू संपल्यावर माहिती पुसायला हवी. पण तो कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. कागदी वहीतली नावे कोणी संगणकात चढवली, तरच ती त्याच्या कक्षेत येतात.