पित्तनलिकादाह, तीव्र : निदाननिकष

पित्तनलिकेत अडथळा येऊन साचलेल्या पित्तात जिवाणू वाढले की तीव्र पित्तनलिकादाह होतो. कारण बहुधा खडा असते. नलिकेचे आकुंचन, गाठ किंवा तुंबलेला स्टेंट ही इतर कारणे. नलिकेतील दाब वाढताच जिवाणू रक्तात उतरतात, म्हणून निदानातला उशीर जिवावर बेततो.

फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ मध्ये तीन लक्षणे एकत्र मांडली : थंडी वाजून ताप, पोटात उजवीकडे वर दुखणे आणि कावीळ. १९५९ मध्ये रेनॉल्ड्स व डार्गन यांनी त्यांत घसरलेला रक्तदाब आणि ढळलेली शुद्ध यांची भर घातली. ही पाचही दिसेपर्यंत रुग्ण अत्यवस्थ झालेला असतो.

या आजाराच्या निदानाचे टोकियो निकष २००७ मध्ये आले, २०१३ मध्ये सुधारले आणि २०१८ मध्ये तसेच कायम राहिले. त्यांचे तीन गट आहेत. पहिला दाहाचा : ३८ अंश सेल्सियसवर ताप, अथवा श्वेतपेशी वा सीआरपी (दाहात वाढणारे रक्तातील प्रथिन) यांत बिघाड. दुसरा पित्त तुंबल्याचा : बिलिरुबिन किमान २ मिग्रॅ./डेलि., अथवा यकृताची विकरे दीडपटीहून जास्त. तिसरा प्रतिमेचा : रुंदावलेली नलिका किंवा अडथळ्याचे कारण. पहिल्या गटातील एक आणि उरलेल्यांपैकी कोणत्याही गटातील एक बाब असल्यास संशय, तिन्ही गटांतील असल्यास निश्चिती. पोटदुखीला यांत जागा नाही. जपानमधील बहुकेंद्री अभ्यासात शार्को-त्रयीने २६·४ टक्केच रुग्ण ओळखले, २०१३ च्या निकषांनी ९१·८ टक्के. विशिष्टता (आजार नसलेल्यांना अचूक वगळण्याचे प्रमाण) मात्र अनुक्रमे ९५·९ व ७७·७ टक्के होती. म्हणजे त्रयी दिसली तर तिच्यावर भिस्त ठेवावी. ती नाही म्हणून रुग्णाला घरी पाठवू नये. कोंढ्यासारख्या (ता. पवनी, जि. भंडारा) गावात रुग्ण पुढे धाडण्यास संशयही पुरेसा मानावा, कारण नलिका मोकळी करणारी ईआरसीपी मोठ्या शहरातच होते.

भंडाऱ्यासह पूर्व विदर्भात सिकलसेल आजार बराच आढळतो आणि त्याच्या रुग्णांत रंगद्रव्याचे पित्तखडे तरुणपणीच होतात. तांबड्या पेशी सतत फुटत असल्याने त्यांचे बिलिरुबिन एरवीही २ च्या वर असू शकते, श्वेतपेशीही वाढलेल्या असतात. त्यामुळे नलिका मोकळी असतानाही पहिले दोन गट पूर्ण होऊ शकतात. अशा वेळी जुन्या अहवालांशी तुलना करावी आणि विशेषतः थेट बिलिरुबिन पाहावे. तेही सिकलसेलच्या यकृतातील झटक्यात वाढते. तेव्हा निर्णय सोनोग्राफी वा एमआरसीपीवर (पित्तनलिकांच्या एमआरआय-चित्रणावर) सोपवावा लागतो.